विंडोज १० वरून ११ वर कधी जायचं? तारीख स्वतः ठरवण्याची पद्धत

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तरीही घरोघरी, दुकानांत, सीएंच्या ऑफिसांत, डीटीपी सेंटरमध्ये विंडोज १० ची मशीन रोज सुरू होतात आणि बिनतक्रार काम करतात. निर्णय लांबतो तो यामुळेच. मशीन बंद पडलं असतं तर विचार करायलाच लागला नसता. चालू मशीनला हात लावावासा कुणालाच वाटत नाही, आणि त्यात चूक काही नाही. पण हात लावायचा की नाही हे आपण ठरवलं नाही, तर ते एखाद्या बिघाडाच्या किंवा व्हायरसच्या दिवशी ठरतं, आणि तो दिवस हमखास कामाच्या गर्दीचा असतो.

म्हणून या लेखात ‘विंडोज ११ चांगली की वाईट’ ही चर्चा नाही. आपल्या मशीनसाठी योग्य तारीख कशी काढायची, त्याआधी काय तपासायचं आणि बिनसलं तर मागे कसं यायचं, एवढंच क्रमाने सांगतो.

१. आपल्याकडे नेमकं काय आहे ते लिहून काढा

सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडा. तिथून पाच गोष्टी वहीत उतरवा: विंडोजची आवृत्ती (१० की ११), तिचा प्रकार (होम की प्रो), व्हर्जन (२२एच२, २३एच२ असं काहीतरी), सिस्टीम ३२ बिट आहे की ६४ बिट, आणि प्रोसेसर व रॅम.

व्हर्जनकडे बहुतेक जण बघत नाहीत, पण मुदत ठरते ती व्हर्जनवरून. विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन २२एच२. तुमच्याकडे त्याहून जुनं असेल, तर तुमची अपडेट २०२५ च्या बरीच आधी थांबलेली आहेत. विंडोज ११ वाल्यांनीही गाफील राहू नये. होम आणि प्रो प्रकारात प्रत्येक व्हर्जनला २४ महिनेच अपडेट मिळतात. २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली. २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. ‘माझ्याकडे ११ आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

३२ बिट सिस्टीम निघाली तर एक गोष्ट लगेच लक्षात घ्या: विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणजे त्या मशीनवर ‘अपग्रेड’ बटण दाबून काम होणार नाही, सगळं नव्याने टाकावं लागेल.

२. मुदत संपली म्हणजे नेमकं काय होतं

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेतल्या दोषांवरचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, काढते. आपल्याकडे ते त्या रात्री किंवा बुधवारी पोचतात. विंडोज ११ चा बराचसा गाभा विंडोज १० मधूनच आलेला आहे, त्यामुळे ११ मध्ये सापडलेला दोष अनेकदा १० मध्येही असतो. पॅच बाहेर आला की हल्लेखोर तो उलगडून पाहतात: काय बदललं, म्हणजे आधी काय कच्चं होतं. ज्यांना पॅच मिळाला ते सुरक्षित. ज्यांना मिळणार नाही, त्यांच्या मशीनमधला कच्चा दुवा आता सगळ्यांना माहीत झालेला असतो. मुदत संपलेली विंडोज पहिल्या दिवशी धोकादायक होत नाही, पण दर महिन्याला तिच्यातल्या उघड्या दोषांत भर पडत जाते.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०१७ आठवा. विंडोजमधल्या एका दोषावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्चमध्ये काढला. १२ मे रोजी त्याच दोषाचा वापर करणारा वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर अडकले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तीन वर्षांपूर्वीच सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला तातडीने वेगळा पॅच काढावा लागला. पुढच्याच महिन्यात, जूनच्या अखेरीस, त्याच दोषाचाही आधार घेणारा नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा ठप्प केली आणि तिच्या समूहाकडे असलेलं, आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनल बंद पडलं.

वॉनाक्रायच्या तडाख्यात सापडलेल्यांपैकी बहुतेकांकडे विंडोज ७ होती आणि तिचा सपोर्ट तेव्हा चालू होता. पॅच उपलब्ध होता, तो टाकलेला नव्हता. तेव्हा अपडेट मिळणारी विंडोज असणं आणि ती अपडेट खरोखर चढवणं, दोन्ही लागतं.

‘माझ्याकडे अँटिव्हायरस आहे’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. अँटिव्हायरस ओळखीच्या घातक फाइल्स अडवतो. विंडोजच्या स्वतःच्या गाभ्यात असलेला दोष तो बुजवू शकत नाही.

३. या मशीनवर कोणकोणती कामं अवलंबून आहेत

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि सर्रास टाळला जातो तोही हाच. विंडोज बदलल्याने विंडोज क्वचितच बिघडते. बंद पडतं ते तिच्यावर उभं असलेलं काहीतरी जुनं.

एक आठवडा मशीनशेजारी कागद ठेवा. जे जे सॉफ्टवेअर उघडाल, जे जे उपकरण जोडाल, ते लिहा. महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी आठवून लिहा, कारण नेमक्या त्याच विसरल्या जातात. मग प्रत्येकासमोर तीन प्रश्न: हे विंडोज ११ वर चालतं असं बनवणाऱ्याने सांगितलं आहे का? याची इन्स्टॉल करायची फाइल आणि लायसन्स की माझ्याकडे आहे का? हे बंद पडलं तर किती दिवस चालवून घेता येईल?

आपल्याकडे वारंवार अडतात त्या जागा अशा:

मराठी डीटीपी. अनेक छपाईवाले आजही पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या मराठी फॉन्टवर काम करतात. निमंत्रणपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, सगळा जुना साठा त्याच फॉन्टमध्ये असतो. यातल्या बऱ्याच जुन्या आवृत्त्या डोंगलवर, म्हणजे लायसन्ससाठी यूएसबीला लावायच्या खुंटीवर, चालतात, आणि डोंगल चालतो तो त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे उपकरण विंडोजला जोडून देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर. नव्या विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण बऱ्याच मशीनवर आपोआप चालू असतं आणि ते जुने, विसंगत ड्रायव्हर उचलू देत नाही. हे आधीच तपासता येतं. विंडोज १० मध्येच विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं जा आणि मेमरी इंटिग्रिटी चालू करून पाहा. अडचणीचे ड्रायव्हर असतील तर त्यांची यादी तिथेच दिसते. यादीत डोंगलचा ड्रायव्हर दिसला, तर आधी सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून विंडोज ११ चा ड्रायव्हर मागा. तो मिळेपर्यंत त्या मशीनला हात लावू नका.

मंगल फॉन्ट. सरकारी पत्रव्यवहारातल्या कितीतरी वर्ड फाइल्स मंगलमध्ये असतात. कोरी विंडोज टाकल्यावर मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट नसल्याचं लक्षात येतं आणि पानांची मांडणी हलते. फॉन्ट कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवू नका. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ हा संच आहे, तो जोडा.

टॅली आणि डिजिटल सही. टॅलीची चालू आवृत्ती विंडोज ११ वर व्यवस्थित चालते. प्रश्न येतो वर्षानुवर्षे न बदललेल्या जुन्या आवृत्तीचा आणि तिच्या लायसन्सचा. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असेल, तर त्याचा ड्रायव्हर आणि संकेतस्थळाशी सही जोडणारं छोटं सॉफ्टवेअर, दोन्हींच्या ताज्या फाइल्स आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

इंटरनेट एक्सप्लोररवर चालणाऱ्या गोष्टी. विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर नाही. जुनं संकेतस्थळ किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्याशिवाय उघडत नसेल, तर एज ब्राउझरमध्ये आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे. तो आजच, विंडोज १० च्या एजमध्ये लावून पाहा. तिथे चाललं तर पुढेही चालेल.

प्रिंटर, स्कॅनर, यंत्रं. प्रिंटरचं नेमकं मॉडेल बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर शोधा आणि ६४ बिट ड्रायव्हर आहे का बघा. पॅथॉलॉजी लॅबमधलं यंत्र, सीएनसी मशीन, वजनकाटा अशा गोष्टींना जोडलेला कॉम्प्युटर मात्र वेगळा धरा. तिथे यंत्र पुरवणाऱ्याच्या लेखी होकाराशिवाय काहीच बदलू नका. असा कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त यंत्रापुरता ठेवणं हा जास्त शहाणा मार्ग आहे.

घरातला लॅपटॉप फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि बँकेसाठी वापरला जात असेल, तर ही सगळी यादी दोन ओळींत संपेल. अशा मशीनसाठी थांबण्याचं कारण जवळजवळ नसतंच. उलट बँकेचे व्यवहार होत असतील, तर सगळ्यात आधी तेच मशीन उरका.

४. मशीन पात्र आहे का

मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते हो किंवा नाही सांगतं, आणि नाही असेल तर का तेही सांगतं.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. पिढी नावातच असते: आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. एएमडीच्या रायझन २००० मालिकेतले सगळे पात्र नाहीत, त्यामुळे तिथे अंदाज न करता हेल्थ चेकचंच ऐका. याशिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय लागते.

‘टीपीएम नाही’ असं उत्तर आलं म्हणून लगेच मशीन विकायला काढू नका. अनेक मशीनमध्ये, विशेषतः असेम्बल्ड पीसीमध्ये, ती सोय असते पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, बंद असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. चालू केली की काम होतं. सिक्युअर बूटला मात्र सावकाश हात घाला. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल आणि बायोस नुसताच यूईएफआय या नव्या पद्धतीवर नेला, तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोजमध्येच त्यासाठी सोय आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय ती वापरू नये.

कागदावर रॅम ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी पुरते. प्रत्यक्षात ४ जीबीवर विंडोज ११ चालवणं म्हणजे रोजचा ताप. माझं मत विचाराल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर आधी ते बसवा, मग अपग्रेडचं बघू. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकल्यावर जो फरक पडतो तो विंडोज बदलून कधीच पडत नाही.

५. मशीन पात्र नसेल तर

चार वाटा आहेत.

पहिली, वाढीव सुरक्षा अपडेट. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने ही योजना आणली, आणि ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. व्हर्जन २२एच२ हवं आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्ज वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते आणि एका खात्यावर १० मशीन चालतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्यांसाठी सिंकची अट नाही. कंपन्यांसाठीची योजना वेगळी आहे: तीन वर्षांपर्यंत, पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. ऑफिसची मशीन डोमेनला (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या व्यवस्थेला) जोडलेली असतील तर घरगुती योजना त्यांना लागू होत नाही. या योजनेकडे वेळ विकत घेण्याची सोय म्हणून पाहा, आणि त्या वेळात काय करायचं हे नोंदणीच्याच दिवशी ठरवा.

दुसरी, लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम. ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट जुन्या मशीनवर छान चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी युनिकोड टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्डने अगदी सहज होतं. पेनड्राइव्हवरून काहीही न पुसता ते चालवून पाहता येतं, तेव्हा घरच्यांना दोन दिवस तसंच वापरू द्या. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर ही वाट तुमची नाही.

तिसरी, दुसरं मशीन. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड लॅपटॉप मिळतात. तिथे प्रोसेसरची पिढी स्वतः वाचा. ‘विंडोज ११ टाकून दिली आहे’ यावरून मशीन पात्र आहे असं ठरत नाही.

कारण चौथी वाट तीच आहे: अटी चुकवून अपात्र मशीनवर विंडोज ११ टाकणे. तसं करता येतं आणि अनेक दुकानदार करून देतात. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते, दर वर्षीचं मोठं व्हर्जन हाताने चढवावं लागतं, आणि २४एच२ पासून फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचीच खात्री नाही. कामाच्या मशीनवर हे करू नका.

६. फार लवकरही नको

नवं व्हर्जन आलं की पहिल्याच आठवड्यात चढवायचं, हीसुद्धा चूक आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चं १८०९ व्हर्जन निघालं आणि काही जणांचे डॉक्युमेंट्स, फोटो फोल्डरसकट पुसले गेले. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते आणि जुन्या जागी काही फाइल्स राहिल्या होत्या, अशांचा त्यात समावेश होता. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत वितरण थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा सुरू केलं. सहा आठवडे थांबलेल्यांना यातलं काहीच भोगावं लागलं नाही. २४एच२ च्या सुरुवातीलाही काही एसएसडी आणि काही खेळांच्या बाबतीत अडचणी आल्या होत्या.

अशा वेळी मायक्रोसॉफ्ट ज्या मशीनवर अडचण येऊ शकते, तिथे नवं व्हर्जन स्वतःच रोखून धरते. विंडोज अपडेटमध्ये तुम्हाला ते दिसत नसेल, तर ते बहुधा याच कारणाने. त्यावर मात करून जबरदस्तीने चढवण्याची घाई करू नका.

माझा हिशोब असा: मोठं व्हर्जन निघाल्यावर तीन-चार महिने थांबायचं, आणि हातातल्या व्हर्जनची मुदत संपायच्या दोन महिने आधी काम उरकायचं. मधला काळ तुमचा. विंडोज ११ साठी थांबणारे तर हा काळ केव्हाच ओलांडून गेले आहेत, ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली. तेव्हा आज विंडोज १० वर असलेल्यांनी ‘अजून स्थिर होऊ दे’ हे कारण मनातून काढून टाकावं.

दर महिन्याची सुरक्षा अपडेट मात्र महिनोन्‌महिने रोखू नयेत. गर्दीच्या काळात विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, तेवढं पुरेसं आहे. ‘लेटेस्ट अपडेट्स मिळताच घ्या’ हा खटका बंद ठेवा.

७. कॅलेंडरवरचा दिवस

आता तारीख. आधी नको असलेले दिवस खोडा. हिशोबाचं काम असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी चे दिवस, आणि त्यांच्या आधीचे तीन दिवस. मार्चअखेर आणि आयकर विवरणपत्रांचा हंगाम पूर्ण सोडा. छपाईवाल्यांनी लग्नसराई, निवडणुका आणि दिवाळी अंकांचे महिने वगळावेत. घरात दहावी-बारावीचं किंवा प्रवेश परीक्षेचं मूल असेल तर फॉर्म भरण्याचे आणि निकालाचे दिवस टाळा.

उरलेल्या दिवसांतला शनिवार सकाळचा वेळ मला सगळ्यात बरा वाटतो. काम दोन-तीन तासांत होतं, पण पुढचा दीड दिवस तपासायला हाताशी राहतो, आणि ड्रायव्हरसाठी दुकान उघडं सापडतं. ऑफिसमध्ये सगळी मशीन एकाच दिवशी करू नका. सगळ्यात कमी महत्त्वाचं मशीन आधी, मग दोन आठवडे वापर, मग बाकीची. मुख्य टॅली किंवा मुख्य डीटीपी मशीन सगळ्यात शेवटी.

गावी असलेल्या आई-बाबांचा लॅपटॉप पुण्याहून किंवा परदेशातून क्विक असिस्टने (दुसऱ्याचं मशीन दुरून हाताळायच्या विंडोजमधल्या सोयीने) अपग्रेड करून देण्याचा मोह टाळा. मध्ये मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं, जोडणी तुटते, आणि पडद्यावर काय प्रश्न विचारलाय हे फोनवर समजावून सांगताना दोघांचीही दमछाक होते. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाल तेव्हासाठी ते राखून ठेवा.

८. आदल्या दिवशीची तयारी

बॅकअप आधी. महत्त्वाच्या फाइल्सच्या तीन प्रती, त्यांतली एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. डेस्कटॉप, डाउनलोड्स, आउटलुकचा मेल, टॅलीचा डेटा, फॉन्टचं फोल्डर आणि ब्राउझरमधले पासवर्ड हमखास सुटतात. बॅकअप झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइल्स उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. मग ती डिस्क मशीनपासून सोडवून बाजूला ठेवा.

बिटलॉकरची चावी. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं संरक्षण. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क त्याने आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर सापडते. कागदावर उतरवून घ्या आणि त्या खात्याचा पासवर्ड चालतो याची दुसऱ्या फोनवरून खात्री करा. बायोस अपडेट करणार असाल तर त्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी जागा मोकळी करा. विंडोज खरी, ॲक्टिव्हेट झालेली आहे का ते बघा: खऱ्या विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत, पण क्रॅक केलेल्या प्रतीचं अपग्रेड हा जुगार आहे. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून नव्या विंडोज चालू करण्याची सोयही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. लॅपटॉप चार्जरला, पीसी यूपीएसला. ज्या भागात वीज जाते तिथे यूपीएसशिवाय सुरुवातच करू नका.

९. प्रत्यक्ष अपग्रेड

विंडोज अपडेटमध्ये विंडोज ११ दिसत असेल तर तिथूनच करा. दिसत नसेल आणि हेल्थ चेक हो म्हणत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशन असिस्टंट घ्या. प्रिंटर आणि डोंगल सोडून इतर जोडलेल्या गोष्टी काढा, बाहेरचा अँटिव्हायरस तात्पुरता काढून टाका, आणि ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडला गेलाय ना ते बघा. दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला तर त्याला कारण विचारा. ३२ बिट मशीन किंवा आधीच बिघडलेली विंडोज ही योग्य कारणं आहेत. ‘फ्रेश टाकलेली बरी’ हे कारण पुरत नाही, कारण तुमची टॅली, फॉन्ट आणि टोकन पुन्हा बसवायला तो येणार नसतो.

१०. पुढचे दहा दिवस

अपग्रेडनंतर जुनी विंडोज एका वेगळ्या फोल्डरमध्ये दहा दिवस जपलेली असते. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक असं गेलं की मागे येता येतं. फाइल्स राहतात, मधल्या काळात टाकलेली सॉफ्टवेअर जातात. जाणकार तंत्रज्ञ एका आदेशाने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवू शकतो, पण ते पहिल्या दहा दिवसांतच करावं लागतं. ऑफिसच्या मशीनवर मी ते नेहमी करून घ्यायला सांगतो, कारण महिनाअखेरची कामं दहा दिवसांत येतीलच असं नाही. या काळात डिस्क क्लीनअप चालवू नका, तो जुनी विंडोज पुसून टाकू शकतो.

तिसऱ्या टप्प्यात केलेली यादी आता बाहेर काढा आणि एकेक गोष्ट खरोखर करून पाहा. एक पान छापा, एक स्कॅन करा, टोकनने सही करून बघा, जुनी पेजमेकर फाइल उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का आणि पानं हलली नाहीत ना ते तपासा. टॅलीत एक जुना अहवाल काढून आकडे जुळवा. झोपवलेला लॅपटॉप जागा होतो का, आवाज येतो का, व्हिडिओ कॉल लागतो का. एखादी गोष्ट अडली आणि दोन दिवसांत सुटली नाही, तर संकोच न करता मागे या, वाढीव अपडेटची नोंदणी करा आणि ड्रायव्हर मिळाला की पुन्हा करा.

सगळं जमलं, मागे येण्याची मुदत उलटली, की नवं व्हर्जन पुन्हा अबाउटमध्ये बघा आणि त्याची शेवटची तारीख वहीत लिहा. २५एच२ असेल तर १२ ऑक्टोबर २०२७. फोनच्या कॅलेंडरमध्ये त्याच्या दोन महिने आधीची, ऑगस्टमधली आठवण लावून ठेवा. ११ च्या आतल्या आत पुढच्या व्हर्जनवर जाणं यापेक्षा बरंच सोपं असतं, पण त्या वेळीही बॅकअप आणि यादी लागेलच, तेव्हा तो कागद फेकू नका.